कुत्र्याचे कोरडे खाद्य घेताना पोत्याची मागची बाजू वाचा

जयसिंगपूर-शिरोळ पट्ट्यात मळ्यातल्या वस्तीवर राखणीला कुत्रे असतेच. त्याचे जेवण म्हणजे उरलेली भाकरी, भात आणि थोडे ताक. मोठे कुत्रे त्यावर तग धरते. पण वाढते पिलू आणि पिले पाजणारी कुत्री यांना प्रथिने व कॅल्शियम कमी पडते. कोरडे खाद्य ही उणीव भरून काढते, मात्र ते नीट पारखून घ्यावे लागते. पोत्याच्या पुढच्या बाजूला चित्र असते, कामाची माहिती मागे बारीक अक्षरांत असते.

सर्वांत आधी ‘पूर्ण व संतुलित आहार’ असा उल्लेख आणि तो कोणत्या वयासाठी आहे ते पाहा. ‘पूरक’ लिहिलेले खाद्य एकट्यावर भागत नाही. ओलावा वगळून मोजल्यास मोठ्या कुत्र्याला किमान 18 टक्के प्रथिने व 5.5 टक्के स्निग्धांश लागतो. पिलाला तोच 22.5 व 8.5 टक्के हवा.

म्हणून 20 टक्के प्रथिनांचे गाईचे पशुखाद्य कुत्र्याला चालेल, असे समजू नका. लेबलवरची ‘कच्ची प्रथिने’ म्हणजे नत्राला 6.25 ने गुणून काढलेला आकडा. काही पशुखाद्यांत युरिया असतो, त्याचे नत्रही त्यात मोजले जाते. गाईच्या कोठीपोटातील जिवाणू युरियापासून प्रथिने तयार करतात. कुत्र्याला ते जमत नाही.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या दोन-तीन नावांत कोंबडी, मासळी किंवा मटण असे नाव घेऊन सांगितलेले मांस हवे. नुसते ‘मांसजन्य पदार्थ’ लिहिले असेल तर ते कशाचे, हे कळत नाही. पिष्टमय भाग किती, हे सहसा छापलेले नसते. तो स्वतः काढा. प्रथिने 22, स्निग्धांश 10, तंतू 4, ओलावा 10 आणि राख 8 टक्के असेल, तर बेरीज 54. उरलेले 46 टक्के मुख्यतः मका, तांदूळ, गहू यांचे. यात वाईट काही नाही, शिजवलेले धान्य कुत्र्याला पचते; पण दर मांसाचा लावलेला असेल तर विचार करा. ‘धान्यमुक्त’ म्हणून जास्त पैसे देण्याचे कारण नाही. उलट अशा खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची तपासणी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये सुरू केली होती.

किलोचा भाव न पाहता दिवसाचा खर्च काढा. 20 किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 1,000 ते 1,100 किलोकॅलरी लागतात. किलोमागे 3,500 किलोकॅलरी देणारे खाद्य सुमारे 300 ग्रॅम पुरते, तेही दोन वेळांत विभागून. हलक्या खाद्याचे जास्त घालावे लागते. कारवानी जातीचा कुत्रा मुळातच सडपातळ असतो. त्याच्या बरगड्या थोड्या दिसल्या म्हणून खुराक वाढवू नका. पिलाच्या पूर्ण आहारात जनावरांचे खनिज मिश्रणही मिसळू नका, जादा कॅल्शियमने हाडे वाकडी होतात. आणि वर रस्सा ओतायचा मोह टाळा: कांदा-लसणाने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे व बेदाणेही देऊ नयेत, मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

नवे खाद्य जुन्यात मिसळत सात ते दहा दिवसांत बदला, नाहीतर हगवण लागते. शेजारी स्वच्छ पाणी कायम हवे.

आपल्या भागात मोठा धोका साठवणीचा आहे. पावसाळ्यात हवा दमट असते. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोळ तालुक्यातील कितीतरी घरांत पाणी शिरले. मका, शेंगदाणा असलेल्या खाद्याला ओल लागली की बुरशी येते आणि तिचे अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचे यकृत खराब करते. हे विष उन्हात वाळवून किंवा शिजवून जात नाही. कोंबड्यांना घालून ‘वाया जाऊ नये’ असेही करू नका. त्यांनाही ते बाधते. भिजलेले पोते सरळ पुरून टाका.

महिनाभरात संपेल एवढेच पोते घ्या. दुकानातील उघड्या पोत्यातून सुटे घेऊ नका, त्यावर तारीख नसते. घरी मूळ पिशवीसकट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवा. खते, कीटकनाशके व उंदराचे औषध वेगळ्या खोलीत. खाद्याला कुबट वास येत असेल, किंवा खाल्ल्यावर कुत्रे मलूल होऊन उलट्या करत असेल, हिरड्या व डोळे पिवळे दिसत असतील, तर ते खाद्य तात्काळ बंद करा. बॅच क्रमांकासह पिशवी आणि थोडा नमुना बरोबर घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे जा.