आधी निवड, मग पदवी : अमेरिकेतील महाविद्यालयीन आइस हॉकीविषयीचे गैरसमज

हॉकी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मैदान आणि चेंडू येत असला, तरी अमेरिका आणि कॅनडा या देशांत त्या शब्दाने बर्फावरचा खेळच ओळखला जातो. पोलादी पाती बसवलेले बूट घालून आणि काठीने रबराची घट्ट चकती, म्हणजे ‘पक’, रेटत नेऊन ती प्रतिस्पर्ध्याच्या जाळ्यात घालणे हे त्याचे स्वरूप आहे. या खेळातील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा म्हणजे १९१७ साली स्थापन झालेली नॅशनल हॉकी लीग, अर्थात ‘एनएचएल’. तिच्यातील ३२ संघांपैकी २५ अमेरिकेत आणि ७ कॅनडात आहेत. अमेरिकी विद्यापीठांच्या संघांचा कारभार मात्र ‘एनसीएए’ ही वेगळी संघटना पाहते, आणि तिच्या राष्ट्रीय विजेतेपदाची पहिली स्पर्धा १९४८ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे होऊन मिशिगन विद्यापीठाने ती जिंकली. एका व्यवस्थेतून दुसरीत खेळाडू कसा जातो याविषयी जे गैरसमज रूढ आहेत, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे अमेरिकी फुटबॉल आणि बास्केटबॉल यांतील रीत हॉकीलाही लागू असावी असे धरून चालणे.

त्या दोन खेळांत खेळाडू आधी महाविद्यालयात खेळतो, मग स्वतःला निवडीसाठी खुला करतो आणि निवड झाली की विद्यापीठाच्या संघाचा निरोप घेतो; म्हणून हॉकीतही ‘ड्राफ्ट’ झाला म्हणजे महाविद्यालयीन खेळ संपला, असा सर्वांत मोठा गैरसमज आढळतो. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे. तेथे पैशांची बोली लागत नाही, तर संघ ठरलेल्या क्रमाने एकेका खेळाडूचे नाव घेतात, आणि एनएचएलमध्ये अशा सात फेऱ्या होतात. नाव घेतले जाते तेव्हा बहुतेक मुले जेमतेम अठरा वर्षांची असतात, काहींनी महाविद्यालयात पाऊलही ठेवलेले नसते, आणि नाव घेणाऱ्या संघाला त्या दिवशी मिळतो तो फक्त एक हक्क, म्हणजे या खेळाडूशी एनएचएलचा करार करण्याचा अधिकार इतर कोणत्याही संघाला नसल्याची हमी. जोपर्यंत खेळाडू करारावर सही करत नाही, तोपर्यंत एनसीएएच्या दृष्टीने तो विद्यार्थीच राहतो. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचांपैकी चार नावे मिशिगनशी निगडित होती. त्यांतला बफेलो संघाने सर्वांत आधी निवडलेला ओवेन पॉवर सरळ विद्यापीठात परतला, पुढच्या हिवाळ्यात कॅनडातर्फे बीजिंग ऑलिंपिक खेळला आणि एप्रिल २०२२ मध्ये, विद्यापीठाचा हंगाम संपल्यावर, त्याने बफेलोशी करार केला. उलट उदाहरणही आहे: बॉस्टन विद्यापीठाच्या मॅकलिन सेलेब्रिनीला २०२४ साली सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार वयाच्या सतराव्या वर्षी मिळाला, त्याच उन्हाळ्यात सॅन होजे संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले, आणि एका हंगामातच त्याने विद्यापीठ सोडले. दोघांपैकी कोणाचा निर्णय शहाणपणाचा हा वाद येथे गौण आहे. निर्णय खेळाडूच्या हाती होता, ही गोष्ट या पद्धतीच्या गाभ्याशी आहे.

हक्क संघाकडे म्हणजे खेळाडू बांधील, ही पुढची समजूतही अर्धवटच खरी आहे. गेल्या दशकात लागू असलेल्या, एनएचएल आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सामूहिक करारानुसार महाविद्यालयात चार वर्षे पूर्ण करणाऱ्या खेळाडूवरचा संघाचा हक्क पदवीच्या वर्षी १५ ऑगस्टला संपत असे आणि तो कोणत्याही संघाशी बोलणी करण्यास मोकळा होत असे (भारतीय वाचकाला ही तारीख अर्थपूर्ण वाटली, तरी तो निव्वळ योगायोग होय). हार्वर्डच्या जिमी व्हेसीने या तरतुदीचा पुरेपूर उपयोग केला. नॅशव्हिल संघाने त्याला २०१२ साली निवडले होते, २०१६ साली त्याला होबी बेकर पुरस्कार मिळाला, परंतु त्याने नॅशव्हिलशी करार करण्यास नकार दिला. त्या संघाने त्याच्यावरील हक्क बफेलोला देऊन टाकले, तेथेही त्याने सही केली नाही, आणि १५ ऑगस्ट उलटताच तो न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. संघांच्या व्यवस्थापकांना हे आवडत नाही, हे समजण्याजोगे आहे.

ज्यांचे नाव सातही फेऱ्यांत घेतले जात नाही त्यांची वाट तेथेच संपते, असे म्हणणाऱ्यांना इतिहासाने वारंवार खोटे पाडले आहे. बॉस्टन कॉलेजचा जो मलन ड्राफ्टमध्ये निवडला गेला नव्हता, तरी एनएचएलमध्ये पाचशे गोल करणारा तो पहिला अमेरिकी ठरला. आरपीआय या अभियांत्रिकी संस्थेतला अ‍ॅडम ओट्सही असाच अनिवडलेला, आणि त्याच्या नावावर १,०७९ गोलसाहाय्ये आहेत. व्हर्माँट विद्यापीठाचा मार्टिन सेंट लुई उंचीने जेमतेम पाच फूट आठ इंच असल्याने कोणी त्याचे नाव घेतले नाही. त्याने २००४ साली टँपा बे संघाबरोबर स्टॅन्ली चषक, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकला, त्याच वर्षी सर्वाधिक गुणांचा (गोल आणि गोलसाहाय्ये मिळून) आणि सर्वांत मौल्यवान खेळाडूचा असे दोन्ही पुरस्कार मिळवले, आणि २०१३ साली, अडतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, पुन्हा सर्वाधिक गुण नोंदवले. याचे कारण निव्वळ जिद्दीत शोधू नये. अठराव्या वर्षी शरीर आणि कौशल्य यांचा अंदाज बांधणे कठीण असते, महाविद्यालय खेळाडूला बावीस-तेवीस वर्षांपर्यंत वाढू देते, आणि ड्राफ्टचे वय उलटलेला अनिवडलेला खेळाडू कोणाशीही करार करू शकत असल्याने मार्च-एप्रिलमध्ये विद्यापीठांचे हंगाम संपले की अशा मोजक्या खेळाडूंमागे अनेक संघ एकाच वेळी लागतात. साहजिकच शेवटच्या फेरीत निवडल्या गेलेल्या मुलापेक्षा त्यांची वाटाघाटीची बाजू कित्येकदा भक्कम असते.

महाविद्यालयीन हॉकी दुय्यम दर्जाची असून खरे खेळाडू कॅनडातील किशोरवयीनांच्या ‘मेजर ज्युनिअर’ स्पर्धांतूनच येतात, ही समजूत साठ वर्षांपूर्वी बरीचशी खरी होती. मार्च १९६२ मध्ये मिशिगनचा रेड बेरेन्सन विद्यापीठाचा हंगाम संपताच माँट्रियल संघात दाखल झाला, तेव्हा ती नवलाची गोष्ट होती. आज एनएचएलमधील सुमारे एक तृतीयांश खेळाडू महाविद्यालयांतून आलेले असतात. दोन वाटांतला फरक दर्जापेक्षा वेळापत्रकाचा अधिक आहे: मेजर ज्युनिअरमध्ये हंगामात साठाहून अधिक सामने, तर विद्यापीठात त्याच्या जवळपास निम्मे, तेही प्रायः शुक्रवारी आणि शनिवारी, त्यामुळे आठवड्याचे इतर दिवस सराव आणि व्यायाम यांना मिळतात. शिवाय मेजर ज्युनिअरमध्ये खेळाडूंना भत्ता मिळतो आणि एनएचएल करार झालेले खेळाडूही त्यांच्यासोबत खेळतात, म्हणून एनसीएए त्या स्पर्धांना व्यावसायिक मानून तेथील मुलांना दार बंद ठेवत असे; हा नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द झाला, बदल १ ऑगस्ट २०२५ पासून अमलात आला, आणि पश्चिम कॅनडातील मेडिसिन हॅट संघाचा गाजलेला गॅव्हिन मॅकेना पेन स्टेट विद्यापीठात खेळू लागला. दोन वाटा परस्परविरोधी आहेत हे गृहीतकच त्यामुळे मोडीत निघाले. विद्यार्थी-खेळाडू बिनपैशाचा हौशी असतो ही कल्पनाही जुनी झाली आहे: २०२१ पासून त्याला स्वतःच्या नावाच्या आणि छबीच्या वापराबद्दल मोबदला घेता येतो, तर २०२५ पासून विद्यापीठे ठरावीक मर्यादेत थेट पैसेही देऊ शकतात.

सही झाली म्हणजे एनएचएलमध्ये पोहोचलो, हा समज खेळाडूंच्या कुटुंबांना अधिक महागात पडतो. नवोदिताचा पहिला करार सहसा ‘दुहेरी’ असतो, म्हणजे तो एनएचएलमध्ये खेळला तर एक वेतन आणि त्याखालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये पाठवला गेला तर बरेच कमी वेतन. बहुसंख्यांच्या वाट्याला आधी ही दुय्यम लीगच येते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा केल मकार १३ एप्रिल २०१९ रोजी राष्ट्रीय अंतिम सामना हरला आणि १५ एप्रिलला कोलोरॅडो संघातर्फे एनएचएलच्या बाद फेरीत उतरून त्याने गोलही केला. ही घटना इतकी सांगितली जाते याचे कारण ती अपवादात्मक आहे. व्हर्माँटचाच गोलरक्षक टिम थॉमस १९९४ साली २१७ व्या क्रमांकावर निवडला गेला, फिनलंड आणि स्वीडनमध्ये खेळत राहिला, आणि वयाच्या सदतिसाव्या वर्षी, २०११ साली, बॉस्टनला स्टॅन्ली चषक मिळवून देताना बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. उशिरा येण्यात आर्थिक तोटाच असतो असेही नाही, कारण पहिल्या कराराची मुदत वयावर ठरते: एकविसाव्या वर्षापर्यंत सही केल्यास तीन वर्षे, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी दोन, चोविसाव्या वर्षी एक, म्हणजे पदवी घेऊन आलेला खेळाडू मर्यादित वेतनाच्या करारातून लवकर सुटतो.

पदवी ही खेळात अपयश आल्यास उपयोगी पडणारी तरतूद, एवढेच तिचे मोल मानणाऱ्यांनी केन ड्रायडनचे चरित्र पाहावे. कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेतलेल्या या गोलरक्षकाने माँट्रियलसाठी सहा स्टॅन्ली चषक जिंकले, खेळत असतानाच मॅकगिल विद्यापीठात कायद्याचे शिक्षण पूर्ण केले, कराराच्या वादात १९७३-७४ चा संपूर्ण हंगाम बाहेर राहून वकिलीची उमेदवारी केली, आणि पुढे तो कॅनडाच्या केंद्रीय मंत्रिमंडळात बसला. हातात दुसरा व्यवसाय असल्यामुळे एक हंगाम सोडून देणे त्याला परवडले.

वर सांगितलेले जवळपास सर्व नियम पुरुषांच्या हॉकीचे आहेत आणि ते महिलांनाही लागू असतील असे समजणे चुकीचे ठरते. जानेवारी २०२४ मध्ये सहा संघांनिशी सुरू झालेल्या आणि पुढे आठ संघांपर्यंत वाढलेल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे ‘पीडब्ल्यूएचएल’मध्ये, ड्राफ्ट महाविद्यालयीन कारकीर्द संपताना किंवा संपल्यावर होतो, अर्थात तेथे क्रम आधी पदवी आणि मग निवड असा उलटा आहे. पहिल्या हंगामातील किमान वेतन ३५ हजार डॉलर होते, तर त्याच वर्षी एनएचएलमधील किमान वेतन ७ लाख ७५ हजार डॉलर होते. पीडब्ल्यूएचएलच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिले नाव मिनेसोटा विद्यापीठाच्या टेलर हाइझीचे घेतले गेले, ते मिनेसोटाच्याच व्यावसायिक संघाने, आणि पहिल्याच हंगामात त्या संघाने विजेतेपद मिळवले तेव्हा बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली.