गुळवेल तोडायची, पण किती?

कल्याणहून कसारा लोकल पकडली की आसनगावला उतरून शहापूर गाठता येतं. तिथल्या कातकरी आदिवासी तरुणांनी गुळवेल या औषधी वेलीचा धंदा उभा केला. त्यांच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेकडे डाबर, बैद्यनाथ, हिमालया यांसारख्या कंपन्यांच्या 1.57 कोटी रुपयांच्या मागण्या आल्या.

झाडांवर चढलेली वेल कोयत्याने तोडायची, तुकडे करून आठ-दहा दिवस वाळवायची, मग शहापूरच्या गोदामात भरून रवाना करायची. काही मालाचं चूर्ण होतं. ओली वेल व्यापाऱ्याला दिली, तर वाळवणीची आणि दळणाची कमाई त्याच्याकडे जाते. ती वाडीतच राहावी, यासाठी सरकारच्या वनधन योजनेतलं केंद्र. या योजनेत वीस-वीस जणांचे पंधरा गट मिळून तीनशे संग्राहकांचं एक केंद्र होतं.

खरी कसोटी तोडणीतच आहे. बुंधा हात-दीड हात राखला, तर वेल पुन्हा फुटते. मुळासकट ओढली, तर ती जागा रिकामी होते. जाणत्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण टनांची मागणी आली की कोयता खाली सरकतो. म्हणून नियम खरेदीच्या काट्यावरच पाळला गेला पाहिजे: मूळ दिसलं, तर माल परत.

कातकऱ्यांनी एक धंदा आधीच गमावला आहे. खैराचं लाकूड उकळून कात काढण्यात त्यांचा हातखंडा होता. इंग्रजांच्या वनकायद्यांनी जंगल बंद केलं आणि ते कसब निरुपयोगी ठरलं. 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. त्यामुळे गुळवेलीच्या धंद्याला कायद्याचा आधार आहे.

पैशाची वेळ मात्र हा कायदा ठरवत नाही. वाळवणीला ऊन लागतं, म्हणजे पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने. नेमक्या त्याच महिन्यांत वीटभट्ट्या पेटतात. भट्टीमालक आधीच उचल देतो आणि अख्खं घर पोराबाळांसह भट्टीवर निघून जातं. कंपनीचं बिल मंजूर व्हायला वेळ लागतो. तोवर चूल थांबत नाही. केंद्राकडे खेळतं भांडवल हवं ते यासाठी. वजन झालं की त्याच दिवशी रोख हातात पडली, तरच उचल नाकारण्याची सोय कुटुंबाला उरते.