छातीवरचा तिरंगा

जानेवारीचा शेवटचा आठवडा जवळ आला, की गावोगावच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत, शाळांच्या फाटकांपाशी आणि शहरांतील सिग्नलांवर तिरंगी बिल्ले, फिती आणि कागदी ध्वज विक्रीस येतात. आणि प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी गणवेशाच्या खिशावर असा बिल्ला लावून एखादे मूल प्रभातफेरीला निघते, तेव्हा त्या चिमुकल्या चिन्हामागे केवढा दीर्घ संघर्ष आणि किती सूक्ष्म कायदेविचार उभा आहे, याची कल्पना त्या मुलाला तर नसतेच, परंतु टाचणी लावून देणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही बहुधा नसते. ती करून दिली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. कारण राज्यघटनेची ओळख करून देण्यास याहून सुलभ निमित्त सापडणे कठीण आहे.

परकीय अंमलात हेच चिन्ह मिरविणे हा गुन्हा होता. 1923 साली नागपुरात, चरख्याचे चिन्ह असलेला त्या वेळचा राष्ट्रीय ध्वज हाती घेऊन सिव्हिल लाइन्सच्या वस्तीत जाण्यास सरकारने मनाई केली, तेव्हा मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत प्रांतोप्रांतीचे स्वयंसेवक तो हुकूम मोडून तुरुंगात जात राहिले. आरंभी जमनालाल बजाज आणि त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांनी त्या झेंडा सत्याग्रहाची धुरा वाहिली. ध्वज धरून रस्त्याने चालणे, एवढीच त्या शेकडो माणसांची मागणी होती.

पुढे 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने आजचा तिरंगा स्वीकारला. तथापि, ज्या ध्वजासाठी सामान्य माणसाने कारावास पत्करला, तो स्वतंत्र भारतात आपल्या घरावर अथवा कचेरीवर रोज फडकविण्याची मुभा मात्र त्याच सामान्य माणसाला कित्येक दशके नव्हती; प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन अशा मोजक्या प्रसंगांपुरताच तो अधिकार राखून ठेवलेला होता. अमेरिकेत शिक्षण घेऊन परतलेले उद्योगपती नवीन जिंदाल यांनी मध्य भारतातील रायगढ येथील आपल्या कारखान्यावर ध्वज उभारला, अधिकाऱ्यांनी त्यास हरकत घेतली, आणि त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. 1995 साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. 26 जानेवारी 2002 पासून नवी ध्वजसंहिता अंमलात आली. आणि 2004 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज फडकविणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 19(1)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असून त्यावर वाजवी निर्बंध तेवढे घालता येतील.

ते निर्बंधही जाणून घेण्याजोगे आहेत. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या 1971 च्या कायद्यानुसार ध्वजाची कोणत्याही पदार्थाची दृश्य प्रतिकृती ही ध्वजच समजली जाते. म्हणजे दहा रुपयांचा बिल्लासुद्धा कायद्याच्या नजरेत तिरंगाच होय. 2005 च्या दुरुस्तीनंतर पोशाखात तिरंग्याला स्थान मिळाले, परंतु कमरेखालच्या वस्त्रावर तो वर्ज्य. उशा, हातरुमाल, अंतर्वस्त्रे यांवर तो भरणे वा छापणे हाही अवमान, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची. सिंहस्तंभाची राजमुद्रा तर खासगी व्यक्तीने वापरायचीच नाही, कारण ती राज्याच्या अधिकाराची खूण आहे. तिच्यासाठी 2005 चा स्वतंत्र कायदा आहे. कागदी ध्वज समारंभानंतर जमिनीवर टाकू नयेत, अशीही संहितेची स्पष्ट आज्ञा आहे. दुपारी मैदानावर पायदळी आलेले तिरंगे पाहिले, की सकाळच्या भाषणांत या आज्ञेला दोन मिनिटे मिळाली असती तर किती बरे झाले असते, या विचाराने जीव कळवळतो.

1976 साली घटनेत समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांतील पहिल्याच कलमात संविधानाचे पालन आधी येते, आणि राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांचा आदर त्यानंतर. हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. 1971 चा कायदाही ध्वजाबरोबर संविधानाचे रक्षण करतो, आणि त्याच कायद्याचे स्पष्टीकरण असेही सांगते, की सनदशीर मार्गाने संविधानात दुरुस्ती किंवा ध्वजात बदल घडवून आणण्यासाठी केलेली टीका हा अपराध नव्हे. महाराष्ट्र शासनाने 2020 च्या प्रजासत्ताक दिनापासून शाळांत उद्देशिकेच्या सामुदायिक वाचनाचा परिपाठ घातला आहे. त्या वाचनानंतर शिक्षकाने मुलांना स्वतःच्या छातीवरील बिल्ल्याकडे पाहण्यास सांगून, हा लावण्याचा हक्क तुम्हांला कोणी आणि कोणत्या अनुच्छेदाने दिला, एवढा एकच प्रश्न विचारावा.

आणि चर्चा पुढे सरकली, तर केरळातील तीन भावंडांची हकीकत अवश्य सांगावी. राष्ट्रगीत सुरू असता ती मुले शाळेत आदराने उभी राहत, परंतु आपल्या धर्मश्रद्धेमुळे ते गात नसत, म्हणून 1985 साली त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या अनुच्छेद 19 च्या आधारे पुढे जिंदाल यांना ध्वज फडकविता आला, त्याच अनुच्छेदाने, धर्मस्वातंत्र्याच्या अनुच्छेद 25 सह, या मुलांच्या मौनालाही संरक्षण दिले आहे, असे न्यायालयाने ठरविले. आणि त्यांना शाळेत परत घ्यावे, त्यांच्या शिक्षणात अडथळा आणू नये, असा आदेश 1986 च्या ऑगस्टमध्ये दिला.