काउंटरवरचा मोकळा माणूस

काउंटरवरचा माणूस हात बांधून उभा दिसला, की पगार फुकट जातोय असं दुकानाच्या मालकाला वाटतं. रांगेचं गणित नेमकं याच्या उलट सांगतं. नाशिकच्या मेन रोड-रविवार कारंजा भागातलं चिवडा-फरसाणाचं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. समजा, तासाला 18 गिऱ्हाइकं येतात आणि एकाला सरासरी 3 मिनिटं लागतात. काम झालं 54 मिनिटांचं, म्हणजे एक माणूस पुरेसा, वर 6 मिनिटं शिल्लक, असं कुणीही म्हणेल. पण गिऱ्हाइकं ठरवून येत नाहीत, आणि कुणाचं काम मिनिटात उरकतं, तर कुणी चव बघतं, तिखट-गोड विचारतं, पाव-पाव किलोच्या चार पुड्या बांधून घेतं. असा चढउतार धरला, तर प्रत्येकाला आपला नंबर लागेपर्यंत सरासरी 27 मिनिटं थांबावं लागतं आणि काउंटरपुढे सरासरी आठेक माणसं ताटकळत असतात. कारण साधं आहे. चार वाजता वाया गेलेली पाच मिनिटं सहाच्या गर्दीसाठी साठवून ठेवता येत नाहीत. मात्र सहाला तुंबलेलं काम सातपर्यंत मागे लागतं.

हे गणित मांडलं ॲग्नर एरलांग या डॅनिश गणितज्ञाने. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत असताना, किती फोन-लाइनी ठेवल्या तर लोकांना फार खोळंबावं लागणार नाही, या प्रश्नावर त्याने 1909 मध्ये पहिला निबंध लिहिला. त्याचं सूत्र दुकानालाही तसंच लागू पडतं. वरच्याच दुकानात दुसरा माणूस उभा केला, तर थांबण्याची वेळ निम्मी होत नाही, ती 27 मिनिटांवरून पाऊण मिनिटावर येते. अट एवढीच, की रांग एकच हवी आणि जो मोकळा होईल त्याने पुढचं गिऱ्हाईक घ्यावं. दोघांपुढे दोन वेगळ्या रांगा लावल्या, तर तीच वेळ अडीच मिनिटांच्या आसपास जाते. एका रांगेत कुणी घोळ घालत बसलं आणि शेजारचा माणूस रिकामा असला, तरी त्याचा उपयोग होत नाही. आपल्याकडे लोक रांगेत उभे राहत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण नंबराचं टोकन दिलं की उभं राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

दुसऱ्या माणसाचा पगार कुठून द्यायचा, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पण त्याला दिवसभर काउंटरवर ठेवायची गरज नाही. आठवडाभर दर अर्ध्या तासाला किती गिऱ्हाइकं आली, याच्या रेघा वहीत मारल्या तर गर्दीचे तास आपोआप दिसतात. उरलेल्या वेळात तो पाकिटं भरेल, वजन करून ठेवेल. फक्त गिऱ्हाईक दिसताच हातातलं काम सोडता आलं पाहिजे. शिवाय गर्दी बघून परत गेलेल्याचा हिशोब गल्ल्यात कधीच दिसत नाही. मालकाला दिसतो तो फक्त पगार, आणि सगळी चूक तिथेच होते.

सूत्रात सगळं सुटसुटीत असतं, प्रत्यक्षात एक बस थांबते आणि दहा जण एकदम येतात, असंही म्हटलं जाईल. बरोबर आहे. पण गिऱ्हाइकं झुंडीने आली तर रांग सूत्रापेक्षाही लांब होते, म्हणजे मोकळे हात आणखी जास्त लागतात. कामाच्या वेळेतली तफावत कमी करणं मात्र दुकानाच्या हातात आहे. प्रत्येकाला बरोबर 3 मिनिटंच लागली, तर तोच एकटा माणूस असतानाही 27 मिनिटांची साडेतेरा होतात. ऑफिससाठी पन्नास बॉक्स नेणाऱ्याला बाजूच्या टेबलावर घ्यायचं ते यासाठीच.

दिवाळीच्या आठवड्यात मात्र सरासरीचा उपयोगच संपतो. चार माणसं तासाला 80 जणांना माल देऊ शकतात आणि येतात 100, तर तासागणिक 20 जण तुंबत जातात; तीन तासांनी 60. अशा वेळी अर्धा-एक किलोची पाकिटं आदल्या रात्रीच बांधून ठेवली आणि 3 मिनिटांचं काम 2 मिनिटांवर आणलं, तर तेच चौघं तासाला 120 जणांना माल देतात, आणि पाचवा माणूस शोधावा लागत नाही.