हॅमॉकमध्ये झोपल्यावर पाठ का गारठते आणि लोक त्यासाठी घरीच पिसांची गोधडी का शिवतात?

दोन झाडं, दोन पट्टे आणि मध्ये टांगलेलं एक कापड. सोशल मीडियावर हॅमॉकचे फोटो बघितले की वाटतं, ट्रेकला मुक्काम करावा तर असाच. खालचे दगड टोचत नाहीत, जमीन उतरती असली तरी फरक पडत नाही, चिखलाचा प्रश्न नाही.

फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. हे फोटो दुपारी काढलेले असतात. पहाटे तीन वाजता त्याच हॅमॉकमध्ये फोटो काढायच्या मूडमध्ये कुणी नसतं. कारण अंगावर महागडी स्लीपिंग बॅग असली तरी पाठ आणि कंबर बर्फासारखी गार पडलेली असते.

अमेरिकेतल्या हॅमॉकवाल्यांनी या त्रासाला नावच देऊन टाकलंय, 'कोल्ड बट सिंड्रोम'. सरळ मराठीत सांगायचं तर बूड गारठणं. यावरचा त्यांचा उपाय म्हणजे हॅमॉकच्या खालून बांधायची पिसांची गोधडी. तिला म्हणतात 'अंडरक्विल्ट'. आणि हौशी मंडळींपैकी बरेच जण ती विकत न घेता घरच्या शिलाई मशीनवर शिवतात.

हे खूळ आलं कुठून?

हॅमॉक मूळचा उष्ण प्रदेशातला. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोहोचला, तेव्हा तिथले लोक हॅमॉकमध्ये झोपत होते. तिथे खालून वारा लागणं ही सोयच होती.

अडचण झाली ती हॅमॉक थंड जंगलात गेल्यावर. अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल ही पायवाट १४ राज्यांतून जाते, लांबी साधारण ३,५०० किलोमीटर. जवळपास सगळी वाट झाडीतून, त्यामुळे हॅमॉकला सोयीची. पण डोंगरातली रात्र थंड आणि सामान पाठीवर वाहायचं. म्हणजे ऊब हवी, पण वजन नको.

कमी वजनात जास्त ऊब हवी असेल तर पिसांना तोड नाही, हे गिर्यारोहकांना आधीपासून माहीत होतं. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच याने बलूनच्या कापडात पिसं भरलेला कोट घातला होता. पुढे १९६०-७० च्या दशकांत अमेरिकेत 'फ्रॉस्टलाइन' नावाची कंपनी कापून ठेवलेलं कापड आणि मोजून भरलेली पिसं अशी किट विकायची. लोक घरी बसून जॅकेट आणि स्लीपिंग बॅग शिवायचे. आजचे क्विल्ट शिवणारे त्याच वाटेने चाललेत.

स्लीपिंग बॅग असून थंडी का वाजते?

सगळा विषय या एका प्रश्नात आहे. पिसं स्वतः गरम नसतात. ऊब देते ती पिसांमध्ये अडकलेली हवा. बदक किंवा गूजच्या मोठ्या पिसांखाली जी मऊ लव असते तिला 'डाऊन' म्हणतात. तिच्यात काडी नसते, ती कापसाच्या बोंडासारखी फुलते आणि हवा धरून ठेवते.

तुम्ही स्लीपिंग बॅगवर आडवे झालात की पाठीखालची लव चेपते आणि हवा निघून जाते. तंबूत खाली मॅट असते म्हणून ते चालून जातं. हॅमॉकमध्ये मात्र पाठीखाली एक पातळ कापड आणि त्याखाली मोकळा वारा.

म्हणून अंडरक्विल्ट हॅमॉकच्या आत नाही, बाहेर खालून इलॅस्टिकच्या दोरीवर टांगतात. तुमचं वजन तिच्यावर येत नाही, लव फुललेली राहते. आणि पाठीखाली चेपणारा भाग तसाही कामाचा नसल्याने वर पांघरायला अख्ख्या बॅगऐवजी साधी क्विल्ट पुरते.

गोधडीचा टाका इथे का चालत नाही?

आपल्याकडे जुन्या साड्या, धोतरं एकावर एक ठेवून आरपार धावदोरा घालतात आणि गोधडी तयार होते. तिथे ऊब कापडाच्या थरांमध्ये असते, त्यामुळे टाका आरपार गेला तरी बिघडत नाही.

पिसांच्या क्विल्टमध्ये आरपार शिलाई घातली की त्या रेषेवर दोन कापडं एकमेकांना चिकटतात. जाडी शून्य, म्हणजे ऊबही शून्य. हलक्या थंडीसाठी असं शिवतातही, पण पारा शून्याकडे जाणार असेल तर ती प्रत्येक रेषा गार लागते.

यावर उपाय म्हणजे 'बॅफल'. वरच्या आणि खालच्या कापडाच्या मध्ये पातळ जाळीच्या उभ्या पट्ट्या शिवायच्या. मग क्विल्टमध्ये लांबट कप्पे तयार होतात, जाडी सगळीकडे टिकते आणि पिसं एका कोपऱ्यात गोळा होत नाहीत.

दुसरी गोम आहे वळणाची. अंडरक्विल्ट पाठीखाली अर्धगोल वळते. अशा वेळी बाहेरचं कापड आतल्याच मापाचं असेल तर ते ताणलं जाऊन पिसांना चेपतं. समजा जाडी ५ सेंटिमीटर आहे आणि वळण अर्ध्या वर्तुळाएवढं. मग बाहेरचं कापड रुंदीला साधारण १६ सेंटिमीटर जास्त हवं. वळण कमी असेल तर हा फरकही कमी.

पिसं किती लागतात?

पिसांची प्रत 'फिल पॉवर'मध्ये मोजतात. ८०० फिल पॉवर म्हणजे एक औंस लव फुलून ८०० घन इंच जागा व्यापते. आपल्या मापात, एक ग्रॅम लव साधारण ४६० घन सेंटिमीटर जागा भरते.

आता खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची एक अंडरक्विल्ट धरू. लांबी १३० सेंटिमीटर, रुंदी १२०, जाडी ५. गुणाकार केला की ७८,००० घन सेंटिमीटर. भागिले ४६०, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम. घाम आणि दमटपणामुळे लव थोडी बसते, म्हणून वीस-पंचवीस टक्के जास्त भरतात. झाले साधारण २१० ग्रॅम. आठ कप्पे असतील तर प्रत्येकात २६ ग्रॅम.

हौशी लोकांचा ठोकताळा असा की पारा शून्याच्या आसपास असेल तर ५ सेंटिमीटर जाडी पुरते. पण थंडी प्रत्येकाला वेगळी वाजते, त्यामुळे याला हमी समजू नका.

शिवताना काय सांभाळायचं?

कापड पातळ रिपस्टॉप नायलॉनचं हवं, आणि ते डाऊनप्रूफ असायला हवं. म्हणजे वीण इतकी घट्ट की लव बाहेर येणार नाही. साध्या अस्तरातून ती रोज थोडी थोडी निसटत राहते.

सुई बारीक घ्यायची, ८ किंवा ९ नंबरची. दोरा पॉलिस्टरचा. टाचण्यांऐवजी क्लिपा लावायच्या, कारण पडलेलं प्रत्येक भोक ही पिसांना बाहेर पडायची वाट असते. शिलाई मात्र जवळजवळ सगळी सरळ रेषेत आहे. उशीचा अभ्रा नीट शिवता येत असेल तर हेही जमेल.

अवघड काम पिसं भरायचं. पंखा बंद, खिडक्या बंद, शक्यतो बाथरूममध्ये आणि तोंडाला मास्क. वजनकाट्यावर प्रत्येक कप्प्याचं वजन करून भरायचं आणि लगेच तोंड शिवायचं.

आपल्याकडे याचा उपयोग आहे का?

आहे, पण सगळीकडे नाही. डाऊन ओलं झालं की गोळा होतं आणि ऊब जाते. त्यामुळे कोकणातला दमटपणा किंवा सह्याद्रीतला पावसाळा ही त्याची जागा नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या येतात, तशा कोरड्या थंडीच्या रात्री ते कामाला येतं. हिमालयात झाडांच्या पट्ट्यापर्यंतच हॅमॉक टांगता येतो.

दमट भागासाठी सोपा पर्याय म्हणजे 'क्लायमाशिल्ड एपेक्स'सारखं शीटमध्ये मिळणारं सिंथेटिक भरण. वजन थोडं जास्त, पण कप्पे नकोत, पिसं उडणं नाही, फक्त कडा शिवायच्या. पहिल्यांदा शिवणाऱ्यांनी इथूनच सुरुवात केलेली बरी. डाऊनच हवं असेल तर जिवंत पक्ष्यांची पिसं उपटलेली नाहीत ना, हे बघून घ्या. त्यासाठी २०१४ पासून 'रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड' हे प्रमाणपत्र आहे.

परदेशी तयार अंडरक्विल्ट रुपयांत सहज पाच आकड्यांत जाते, म्हणून घरी शिवायचा मोह होणं साहजिक आहे. पण स्वतः शिवलेल्या वस्तूवर कंपनीने तपासलेलं तापमान लिहिलेलं नसतं. ती तपासणी तुम्हालाच करायची असते. पहिली रात्र घराच्या अंगणात किंवा शेतावर काढा. पाठीखाली हात घालून बघा, क्विल्ट अंगाला हलकी टेकली पाहिजे. फट राहिली तर वारा शिरतो, घट्ट ओढली तर पिसं चेपतात.

आणि पहिल्या काही ट्रेकला फोमची एक मॅट सोबत ठेवाच. अंगणात गारठलात तर उठून घरात जाता येतं. डोंगरात पहाटे तीनला हुडहुडी थांबेना आणि बोलताना जीभ अडखळायला लागली, तर तो हायपोथर्मिया असू शकतो, आणि तिथे घर जवळ नसतं.