नाव घेऊन केलेला शोक

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर हा देश आकाराने चिमुकला. त्याची राजधानी सान साल्वादोर. कर्करोगाच्या रुग्णांसाठी धर्मभगिनी चालवीत असलेल्या तेथील इस्पितळाच्या लहानशा प्रार्थनामंदिरात २४ मार्च १९८० रोजी सायंकाळी मिस्सा चालू होती. एका परिचिताच्या आईच्या वर्षस्मरणाची ती मिस्सा. आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी त्या प्रसंगी शुभवर्तमानातील गव्हाच्या दाण्याचा दृष्टांत निवडला होता. जमिनीत पडून नाहीसा होणारा आणि म्हणूनच पीक देणारा तो दाणा. प्रवचन संपते न संपते तोच उघड्या दारासमोर थांबलेल्या मोटारीतून एक गोळी सुटली आणि रोमेरो वेदीपाशी कोसळले. प्रार्थनेच्या जागी झाडलेल्या गोळीचा अर्थ ३० जानेवारी १९४८ विसरू न शकणाऱ्या मराठी वाचकाला निराळा सांगावा लागत नाही.

आदल्याच दिवशी, रविवारच्या प्रवचनात, रोमेरो यांनी सैनिकांना उद्देशून उघड आवाहन केले होते. तुम्ही शेतकऱ्यांचीच मुले आहात आणि आपल्याच भावंडांना मारीत आहात; देवाच्या आज्ञेविरुद्ध दिलेला हुकूम पाळण्याचे बंधन कोणावरही नाही, असा त्याचा आशय होता. लष्करी राजवटीत असे बोलण्याची किंमत काय असते, हे वक्त्याला ठाऊक नव्हते असे मानण्याचे कारण नाही.

तरीही हा मनुष्य जन्मजात बंडखोर नव्हता. १९७७ च्या फेब्रुवारीत त्यांनी आर्चबिशपपद स्वीकारले, तेव्हा जमीनदार वर्गाने समाधानाचा सुस्कारा टाकला होता. ग्रंथांत रमणारे, भिडस्त आणि परंपरानिष्ठ असे हे गृहस्थ आपल्याला त्रास देणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. तो तीन आठवड्यांतच चुकला. १२ मार्च १९७७ रोजी शेतमजुरांत काम करणारे येशूसंघीय धर्मगुरू रुतिलिओ ग्रांदे यांचा, सोबतच्या एका वृद्धासह आणि एका किशोरवयीन मुलासह, रस्त्यातच गोळ्या घालून खून झाला. ग्रांदे हे रोमेरो यांचे स्नेही. त्या रात्री रोमेरो तिन्ही मृतदेहांपाशी गेले. पुढच्या रविवारी, २० मार्चला, त्यांनी धर्मप्रांतातील सर्व चर्चमधील मिस्सा रद्द केल्या आणि राजधानीच्या कॅथीड्रलपुढे एकच मिस्सा ठेवली. पोपचे राजदूत नाराज झाले, सरकारला तर तो बेत मुळीच रुचला नाही. पण अफाट समुदाय लोटला.

रोमेरो यांच्या शोकाची रीत येथे प्रथम दिसते. ख्रिस्ती मनुष्याने मृत्यूपुढे कसे उभे राहावे, याचे एक सोपे उत्तर सर्वत्र दिले जाते: मृत आत्मा देवाघरी गेला, आता डोळे पुसावेत. रोमेरो यांचा स्वर्गावरील विश्वास तसूभरही कमी नव्हता. परंतु त्या विश्वासाच्या आडोशाला खून झाकला जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची रविवारची प्रवचने चर्चच्या नभोवाणी केंद्रावरून देशभर ऐकली जात. त्यांत शुभवर्तमानाच्या विवरणाबरोबर त्या आठवड्यात मारल्या गेलेल्यांची, पकडून नेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची नावे, गावे आणि प्रसंग येत. वर्तमानपत्रे जे छापीत नव्हती ते वेदीवरून वाचले जाई. ज्या शेतमजुराच्या मरणाची दप्तरी नोंद होणार नव्हती, त्याचे नाव निदान एकदा तरी देवासमोर आणि देशासमोर उच्चारले जाई. आपल्या प्रवचनांत राजकारण फार झाले, ही तक्रार रोमेरो यांना शेवटपर्यंत ऐकावी लागली. तक्रार करणाऱ्यांत त्यांचेच काही सहकारी बिशप होते.

मग त्यांच्याच नावाची पाळी आली. ३० मार्चला, झावळ्यांच्या रविवारी, कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर अंत्यविधीची मिस्सा सुरू झाली. पोपचे प्रतिनिधी म्हणून मेक्सिकोचे कार्डिनल आले होते. देशातील बिशपांपैकी मात्र रिव्हेरा इ दामास हे एकटेच उपस्थित होते. कार्डिनलांचे प्रवचन चालू असतानाच चौकात बाँब फुटले, गोळीबार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि कित्येक माणसे दगावली. अंत्यविधी अर्धवट राहिला. शवपेटी घाईघाईने आत नेऊन तळघरात पुरावी लागली. १९९२ पर्यंत चाललेल्या यादवीत सुमारे ७५,००० माणसे मरण पावली.

या शोकाची खरी परीक्षा युद्ध संपल्यावर झाली. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने मार्च १९९३ मध्ये अहवाल दिला. मेजर रोबेर्तो दोब्विसाँ यांनी रोमेरो यांच्या खुनाचा हुकूम दिला होता, असे त्यात स्पष्टपणे नमूद होते. दोब्विसाँ हे त्याआधी वर्षभर वारले होते आणि त्यांनी स्थापन केलेला पक्ष सत्तेवर होता. अहवालानंतर अवघ्या पाच दिवसांत विधिमंडळाने सरसकट माफीचा कायदा संमत केला. जखमा उकरू नयेत, क्षमा करावी, हे त्याचे समर्थन. हा शब्द चर्चमधूनच उसना घेतला होता, आणि श्रद्धाळू माणसाला त्याविरुद्ध बोलणे अवघड जाते. पण ज्या धर्मात क्षमेला एवढे स्थान आहे, त्याच धर्मात पापनिवेदनाचाही संस्कार आहे. धर्मगुरूपुढे गुडघे टेकून पापी माणसाला आपले कृत्य सांगावे लागते. ते न सांगता क्षमा मागण्याची सोय तेथे नाही. कायद्याने ही पायरीच गाळली. मारणाऱ्याने काही सांगायचे नाही आणि मृताच्या आईने मात्र विसरायचे, अशा व्यवहाराला क्षमा म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान होय.

तो कायदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केला आणि पुढच्या वर्षी रोमेरो खटला पुन्हा उघडला गेला. चर्चलाही निर्णयास वेळ लागलाच. रोमेरो श्रद्धेसाठी मेले की राजकारणापायी, हा वाद रोममध्ये वर्षानुवर्षे रेंगाळला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांचे हौतात्म्य मान्य केले आणि १४ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना संत घोषित केले. गोरगरिबांनी मात्र तळघरातील त्या थडग्यापाशी मेणबत्त्या लावताना रोमच्या निकालाची वाट पाहिली नव्हती.

सान साल्वादोरच्या कुस्कात्लान उद्यानात २००३ मध्ये काळ्या ग्रॅनाइटची एक लांबच लांब भिंत उभी राहिली. तिच्यावर मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या पंचवीस हजारांहून अधिक नागरिकांची नावे कोरलेली आहेत. २ नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. ज्यांच्या माणसाला कबरच मिळाली नाही अशी कुटुंबे त्या दिवशी फुले घेऊन या भिंतीपाशी येतात आणि दगडावर बोट फिरवीत आपले नाव शोधतात.