बाहुलीला माणसाचा चेहरा

दिवाळी आली की महाराष्ट्रातील मुले अंगणात मातीचा किल्ला रचतात आणि त्याच्या बुरुजांवर चिमुकले मावळे उभे करतात. नाताळ आला की वसई तालुक्यातील नंदाखाल, आगाशी यांसारख्या गावांत घरोघर गोठा सजतो आणि त्यात बाळ येशू, मरिया, योसेफ व मेंढपाळ यांच्या लहान मूर्ती मांडल्या जातात. या मावळ्यांचे आणि मेंढपाळांचे चेहरे तुम्ही कधी निरखून पाहिले आहेत काय? साच्यातून निघालेले असल्यामुळे ते बहुधा एकसारखेच असतात.

यांतील एखाद्या मेंढपाळाला आपल्या आजोबांचा चेहरा देता आला तर? ही कल्पना वाटते तेवढी नवलाची नाही. इटली देशातील नेपल्स शहरात सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाची एक गल्ली आहे. तेथील कारागीर गोठ्यासाठी मूर्ती घडवितात. त्यांत मेंढपाळांच्या जोडीला मॅराडोनासारख्या फुटबॉलपटूंच्या, पाहताक्षणी ओळखू येतील अशा, मूर्तीही असतात. अमेरिकेत १९६४ साली 'जी. आय. जो' नावाचा, हातपाय वळविता येणारा बारा इंची सैनिक विक्रीस आला. अशा खेळण्यांस ॲक्शन फिगर म्हणतात. पुढे हौशी कलावंत अशा तयार बाहुल्यांची डोकी नव्याने घडवून त्यांना खऱ्या माणसांचे चेहरे देऊ लागले. ही कला कशी साधते ते आपण पाहू.

माणूस ओळखू येतो तो कशावरून? पुष्कळांना वाटते, की सुरकुत्या, तीळ, मिशा यांवरून. वस्तुतः वाटेने दुरून येणाऱ्या परिचिताला आपण त्याच्या सुरकुत्या दिसण्यापूर्वीच ओळखतो. ओळख असते ती डोक्याच्या घडणीत आणि अवयवांच्या प्रमाणात. सर्वसाधारण चेहऱ्याचा एक नेम आहे. टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या अंतराच्या जवळजवळ मध्यावर डोळे असतात. केसांच्या रेषेपासून भुवयांपर्यंत, भुवयांपासून नाकाच्या बुडापर्यंत आणि तेथून हनुवटीपर्यंत असे तीन भाग सुमारे सारखे असतात. दोन डोळ्यांच्या मध्ये साधारण एका डोळ्याएवढी जागा असते. परंतु कोणाचाही चेहरा हा नेम तंतोतंत पाळीत नाही. एकाची हनुवटी लांब, दुसऱ्याचे कपाळ अरुंद, तिसऱ्याचे डोळे किंचित जवळ. हा जो फरक, तीच त्या माणसाची ओळख! म्हणून कुशल कारागीर प्रथम स्वतःला विचारतो, "हा चेहरा नेमापासून कोठे वेगळा आहे?"

या प्रश्नाच्या उत्तरासाठी समोरून, बाजूने आणि तिरपी अशी निरनिराळी छायाचित्रे जमवावी लागतात. ती अगदी जवळून घेऊ नयेत. जवळून घेतलेल्या छायाचित्रात नाक खऱ्यापेक्षा मोठे दिसते आणि कान मागे दडतात. त्यानंतर, ज्याच्या कवटीची घडण हव्या त्या माणसाशी जुळते असे बाहुलीचे डोके निवडतात. गरम पाण्यात काही वेळ ठेवले, की त्याचे प्लॅस्टिक मऊ होते आणि डोके मानेपासून अलगद सुटते. जे अधिक आहे ते, उदाहरणार्थ साच्यातील केस किंवा नाकाचे टोक, धारदार पात्याने कापून पाण्याच्या कागदाने घासतात. जे उणे आहे ते लुकणाने भरतात. नळाची गळती थांबविण्यासाठी जे एम-सील वापरतात, त्याच जातीचे हे लुकण होय. त्याचे दोन भाग सारख्या प्रमाणात एकत्र मळले, की ते थोड्याच वेळात घट्ट होऊ लागते आणि पुढे दगडासारखे टणक होते.

येथे क्रमाला फार महत्त्व आहे. आधी कवटी आणि जबडा, मग कपाळ, गाल व नाक, त्यानंतर पापण्या आणि ओठ, व अगदी शेवटी केस आणि सुरकुत्या. घाईने आधी सुरकुत्या कोरल्या, तर बाहुली म्हातारी होते, पण तिचे आजोबा होत नाहीत! सुई किंवा दात कोरण्याची काडी पाण्यात बुडवून बारीक काम करतात. मधूनमधून डोके आरशात पाहतात. प्रतिबिंब उलटे असल्यामुळे डोळ्यांना सवयीची झालेली चूक चटकन दिसते. बारा इंची बाहुली सहा फुटी माणसाच्या सहाव्या हिश्शाएवढी असते. म्हणजे तिच्या चेहऱ्यावर एक मिलिमीटर चुकला, तर खऱ्या चेहऱ्यावर तो सहा मिलिमीटर चुकल्यासारखाच होय. अखेरीस रंगाचे पातळ थर देतात.

कापण्याचे काम वडील माणसांच्या देखरेखीखालीच करावे. घासताना कागद ओला ठेवावा, म्हणजे धूळ नाकात जात नाही. लुकण मळताना हातमोजे घालावे. आणखी एक पथ्य तितकेच आवश्यक आहे: कोणाचे व्यंग दाखवून त्याची थट्टा करण्यासाठी ही कला वापरू नये.

लहान बाहुलीला जो नियम, तोच प्रचंड पुतळ्यालाही. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे जन्मलेले शिल्पकार राम सुतार (१९२५-२०२५) यांनी सरदार पटेल यांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा साकारला. २०१८ साली गुजरातेत त्याचे अनावरण झाले. परंतु त्याआधी त्यांनी त्याच्या लहान प्रतिकृतीच घडविल्या होत्या. लहान आकारात जो चेहरा साधत नाही, तो मोठ्या आकारातही साधत नाही.

तथापि पुतळे केवळ थोरांचेच असावेत असे नाही. अलिबागजवळच्या सासवणे येथील विनायक पांडुरंग करमरकर (१८९१-१९६७) यांनी पुण्यातील शिवाजी महाराजांचा १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा घडविला, तशीच कोळी तरुणीही घडविली. नंदाखालच्या परिसरात लाल लुगडे नेसणाऱ्या आजी आता थोड्याच उरल्या आहेत. केळीच्या बागेत राबून ज्यांची पाठ वाकली असे आजोबाही थोडेच. त्यांचे पुतळे चौकाचौकांत उभे राहणार नाहीत. मात्र नातवाने मनापासून पाहिले, तर घरच्या गोठ्यात दीड इंचाच्या डोक्यावर त्यांची मुद्रा राहू शकेल. त्यासाठी हाताच्या कौशल्याआधी आणखी एक गोष्ट हवी. रोज समोर असलेला चेहरा एकदा तरी नीट, शांतपणे पाहिला पाहिजे.